तिरकस गुणाकारात गुणाकार कुठे आहे?

(शिरूर आणि दौंड येथे दिलेल्या दोन व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन. फळ्यावर लिहिलेली रासायनिक सूत्रे येथे वक्त्याने उच्चारली तशीच दिली आहेत. श्रोत्यांचे काही प्रश्न मजकुरात मिसळले आहेत.)

मित्रहो, शिरूरला मागच्या आठवड्यात पहिलाच प्रश्न आला तो असा : "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. आठवी-नववीच्या रसायनात तुमचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देताना मला साठेक वर्षं मागे जावं लागतं.

मी नववीत होतो. चाचणीत मॅग्नेशिअम ऑक्साइडचं सूत्र विचारलं होतं. मॅग्नेशिअमची संयुजा दोन, ऑक्सिजनची दोन. शिकवल्याप्रमाणे मी इकडचा दोन तिकडे नेला, तिकडचा इकडे आणला आणि लिहिलं, एमजी-टू ओ-टू. शून्य मार्क. गुरुजी म्हणाले, "अरे, दोन-दोन कटतात ना!" बरं, कटतात. पुढच्याच आठवड्यात फळ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आलं, एच-टू ओ-टू. मी हात वर केला, "गुरुजी, इथे दोन-दोन का कटत नाहीत?" उत्तर आलं, "ते तसंच असतं. खाली बस."

मी खाली बसलो आणि रसायनाच्या बाबतीत कायमचाच बसलो. गुरुजींना दोष देत नाही, त्यांनाही तसंच शिकवलं गेलं असणार. पण अलीकडे शेजारची नववीतली मुलगी तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. साठ वर्षांत पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली आणि प्रश्न आहे तिथेच आहे. तेव्हा मी पुस्तकं उघडली. आजचं बोलणं त्या वाचनातून आलंय.

बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात 'द्रव्याचे संघटन' नावाचा पाठ आहे. त्यात रेणुसूत्र लिहिण्याच्या पायऱ्या आहेत. मूलद्रव्यांच्या संज्ञा लिहा, त्यांच्याखाली संयुजा लिहा, बाण दाखवल्याप्रमाणे तिरकस गुणाकार करा, सूत्र तयार. नववीत 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात मूलकं येतात आणि रीत तीच राहते. एक गोष्ट आधीच सांगतो, ही पुस्तकं मला आवडली. मराठी स्वच्छ आहे, संज्ञा उगाच संस्कृताळलेल्या नाहीत. माझं भांडण एका शब्दाशी आणि त्या शब्दाने झाकलेल्या गोष्टीशी आहे.

तो शब्द म्हणजे 'गुणाकार'. बघा, ॲल्युमिनिअमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन. तिरकस बाण काढले, तीन ऑक्सिजनच्या पायाशी गेला, दोन ॲल्युमिनिअमच्या पायाशी आला. एएल-टू ओ-थ्री. आता मला सांगा, यात कोणी कशाला गुणलं? कुणीच नाही. दोन आकड्यांनी नुसती घरं बदलली. याला अदलाबदल म्हणा, देवाणघेवाण म्हणा, काहीही म्हणा, पण हा गुणाकार नाही. हा शब्द गणिताच्या तासातून, समीकरणांच्या पाठातून उचललाय. तिथे खरोखर गुणतात. इथे नुसते बाण दिसतात म्हणून नाव दिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे, उत्तर तर बरोबर येतं. गंमत अशी की इथे खरा गुणाकार आहे, आणि या शब्दामुळे तो दिसत नाही. ॲल्युमिनिअमच्या आयनावर तीन धन प्रभार, ऑक्साइडच्या आयनावर दोन ऋण. पदार्थाला एकूण प्रभार नको, नाहीतर मिठाच्या बरणीला हात लावला की झटका बसला असता. मग किती ॲल्युमिनिअम आणि किती ऑक्साइड घेतले म्हणजे हिशेब शून्यावर येईल? तीन आणि दोन यांचा लसावि सहा. दोन ॲल्युमिनिअम : दोन त्रिक सहा धन. तीन ऑक्साइड : तीन दुणे सहा ऋण. जमा आणि नावे सारखे. गुणाकार हा इथे आहे. लसावि मुलांना पाचवी-सहावीपासून येतो. मॅग्नेशिअम ऑक्साइडला हीच रीत लावा : दोन धन, दोन ऋण, एकास एक पुरे. 'कटतात' हा वेगळा नियम पाठ करावाच लागत नाही.

बाणांची रीत आणखी एका ठिकाणी उघडी पडते, उलट जाताना. परीक्षेत सूत्र देतात आणि नाव विचारतात. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत एका पट्टीवर शिशाचं तपकिरी ऑक्साइड असतं, पीबी ओ-टू. बाण उलटे फिरवा. ऑक्सिजनच्या पायाशी दोन आहेत ते शिशाकडे गेले, म्हणजे शिशाची संयुजा दोन! चूक. ऑक्साइड दोन आहेत, प्रत्येकावर दोन ऋण, एकूण चार ऋण. शिसं एकटं आहे, म्हणजे त्याच्यावर चार धन हवेत. नाव लेड फोर ऑक्साइड. बाणांनी गेलेला मुलगा 'लेड टू ऑक्साइड' लिहितो, आणि ते निराळंच रसायन आहे, त्यात ऑक्सिजन एकच. जी रीत जाताना चालते आणि येताना फसते, तिला रीत म्हणायचं की क्लृप्ती, तुम्हीच ठरवा.

नावात आकडा घालायची ही पद्धत १९१९ साली आल्फ्रेड श्टोक या जर्मन रसायनज्ञाने सुचवली. त्याआधी लॅटिन शेपट्या होत्या, आपल्या पुस्तकात अजून आहेत : फेरस-फेरिक, क्यूप्रस-क्यूप्रिक. मुलांना ही पाठांतराची कटकट वाटते. पण पाऱ्याची गोष्ट ऐका. मर्क्युरिक क्लोराइड हे जहाल विष. मर्क्युरस क्लोराइड म्हणजे कॅलोमेल, ते एकेकाळी डॉक्टर लोक जुलाबाचं औषध म्हणून देत. तेही निर्धोक नव्हतं, पण लगेच जीव घेणारं नव्हतं. औषध आणि विष यांच्यात एका शेपटीचं अंतर. शिवाय कॅलोमेलचं सूत्र एचजी-टू सीएल-टू असं लिहितात. इथेही 'दोन-दोन कटतात' चालत नाही. कारण पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना धरून एकच आयन बनवतात आणि त्या जोडीवर मिळून दोन धन प्रभार असतो. जोडी तोडली तर वस्तूच बदलली.

तर आता माझा नववीतला प्रश्न. एच-टू ओ-टू मध्ये का कटत नाहीत? कारण हायड्रोजन पेरॉक्साइडचा खरोखर एक रेणू असतो, चार अणूंचा, स्वतंत्र हिंडणारा. सूत्र त्याची शिरगणती करतं. मॅग्नेशिअम ऑक्साइडचा रेणू नसतोच. तिथलं सूत्र हे प्रमाण आहे, 'एकास एक'. चार माणसांच्या घराला 'दोनास दोन म्हणजे एकास एक' म्हणत माणसं कमी करता येत नाहीत. पण वाळू-सिमेंटचं मिश्रण सहास दोन आणि तीनास एक हे सारखंच. शिरगणती आणि प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आपण एकाच चिन्हाने लिहितो, आणि पाठ्यपुस्तक दोन्हींना सरसकट 'रेणुसूत्र' म्हणतं. माझं शून्य या एका शब्दात दडलेलं होतं. गुरुजींनी एवढंच सांगितलं असतं, की बाळ, तिथे रेणू आहे आणि इथे नाही, तर कदाचित मी आज तुमच्यापुढे दुसऱ्याच विषयावर बोलत असतो.

दौंडच्या एका शिक्षिका मघाशी म्हणाल्या, "सर, मिठाचा रेणू नसतो हे मुलांच्या पचनी पडत नाही." बाई, मुलांचं सोडा. १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक तपासला. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अशी ती रांग खड्याच्या टोकापर्यंत. यात कोणता सोडिअम कोणत्या क्लोराइडचा? कुणाचाच नाही, किंवा सगळेच सगळ्यांचे. यावर हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे इंग्लंडमधले थोर रसायनज्ञ इतके चिडले, की १९२७ साली 'नेचर'मध्ये त्यांनी बिचाऱ्या मिठाची कैफियत मांडणारं पत्र लिहिलं. सोडिअम क्लोराइड म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, हे त्यांना रसायनशास्त्राचा अपमान वाटला. ब्रॅग पितापुत्रांना नोबेल मिळून तेव्हा बारा वर्षं झाली होती! आर्मस्ट्राँग मूर्ख नव्हते. आयुष्यभर जे चिन्ह लिहिलं त्याच्या मागे तसाच एक छोटा गोळा असणार, असं त्यांच्या मनाने धरलं होतं. चिन्हाला वस्तू समजण्याची ही खोड माणसाला फार जुनी.

आपल्याकडे न्यायशास्त्रात आणि व्याकरणात शब्दांचे तीन वर्ग करतात, रूढ, यौगिक आणि योगरूढ. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं माफ करावं. 'पाचक' म्हणजे पचवणारा किंवा शिजवणारा, अवयवांवरून अर्थ लागतो, हा यौगिक. रूढ शब्द तोडला तर हाती काही लागत नाही, लोक म्हणतात म्हणून तो त्याचा अर्थ. आणि 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण बेडकाला कुणी पंकज म्हणत नाही, ते फक्त कमळ. हा योगरूढ.

आता घरातल्या आणि शेतातल्या वस्तू बघा. मीठ, तुरटी, मोरचूद, हिराकस, नवसागर, सोरा. सगळी रूढ नावं. मोरचूद म्हटल्यावर डाळिंबवाल्याला बोर्डो मिश्रण आठवतं, त्याच्या निळ्या खड्यात तांबं आहे हे नावावरून कळत नाही. १७८७ साली फ्रान्समध्ये लाव्हाझिए, गिटाँ द मोर्व्हो, बेर्तोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी ठरवलं की रसायनातली सगळी रूढ नावं मोडून यौगिक करायची. नाव उच्चारलं की घटक कळले पाहिजेत. कॉपर सल्फेट म्हटलं की तांबं आलं, गंधक आलं, 'एट'वरून ऑक्सिजनही आला. लाव्हाझिएचा आधार रसायनाचा नव्हता, काँदियाक या तत्त्ववेत्त्याचा होता, ज्याचं म्हणणं की नीट विचार करणं म्हणजे नीट घडवलेली भाषा वापरणं. तेव्हा तत्त्वज्ञानवाल्याचं रसायनात काय काम, याचं हे दुसरं उत्तर.

पण यौगिक नावात एक धोका असतो. रूढ नाव खोटं ठरू शकत नाही, यौगिक ठरतं. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्लजनक. लाव्हाझिएला वाटलं, प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. मिठापासून मिळणारं म्युरिएटिक आम्लही त्याने त्यातच धरलं. १८१० साली हंफ्री डेव्हीने दाखवलं की त्यातला हिरवट वायू हे मूलद्रव्यच आहे, त्यात ऑक्सिजनचा अंशही नाही. त्याला नाव दिलं क्लोरीन. 'ऑक्सिजन' हे नाव त्या दिवशी चुकीचं ठरलं आणि तरी राहिलं. यौगिक म्हणून मेलं, रूढ म्हणून जगलं.

आता मला तुम्हाला पोटॅशच्या पिशवीजवळ न्यायचंय, कारण हा सगळा इतिहास दौंडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पन्नास किलोच्या पिशवीवर छापलेला मिळतो. पिशवीवर नाव असतं म्युरेट ऑफ पोटॅश. 'म्युरेट' हे डेव्हीच्या आधीचं, मेलेल्या सिद्धांताचं नाव. आणि खाली लिहिलेलं असतं ६० टक्के के-टू-ओ. म्हणजे पोटॅशिअम ऑक्साइड. पिशवीत पोटॅशिअम ऑक्साइडचा कणसुद्धा नाही! आत आहे के-सीएल, पोटॅशिअम क्लोराइड. मग हे के-टू-ओ आलं कुठून? एकेकाळी समज होता की क्षार म्हणजे एक आम्लारिधर्मी ऑक्साइड आणि एक आम्लधर्मी ऑक्साइड यांची जोडी. बर्झेलियसचा हा सिद्धांत. त्यामुळे राख असो, माती असो, पृथक्करणाचे आकडे ऑक्साइडमध्ये द्यायची चाल पडली. सिद्धांत गेला, चाल राहिली. एका पिशवीवर दोन भुतं.

शिरूरला एक शेतकरी बंधू म्हणाले, "म्हंजे सर, साठ टक्के पोटॅश, मग उरलेली चाळीस टक्के काय माती भरत्यात का?" सभागृह हसलं. मी हसलो नाही, कारण यौगिक नावावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने हाच प्रश्न विचारायला हवा. हिशेब करू. शुद्ध पोटॅशिअम क्लोराइडमध्ये पोटॅशिअम ५२ टक्क्यांच्या थोडं वर. ते ऑक्साइडच्या भाषेत मांडलं तर ६३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ६० टक्क्यांच्या पिशवीत पन्नासातले सुमारे साडेसत्तेचाळीस किलो पोटॅशिअम क्लोराइडच आहे. माती भरलेली नाही. पण त्यातलं खरं पोटॅशिअम २५ किलोच्या जरा खाली, आणि बाकी बहुतेक क्लोराइड. शिफारशीही के-टू-ओ मध्येच असतात म्हणून मात्रा चुकत नाही, हे कबूल. पण जे क्लोराइड आपण शेतात टाकतो त्याचा लेबलच्या आकड्यात पत्ताच नाही. द्राक्षवाले आणि तंबाखूवाले क्लोराइड टाळायला महाग असलेलं सल्फेट ऑफ पोटॅश घेतात. जमीन आधीच क्षारपड असेल तर तो विचार उसवाल्यानेही करायला नको का? ज्याला सूत्र वाचता येतं त्याला पिशवी वाचता येते. मार्कांपलीकडे या पाठाचा हा उपयोग आहे.

खतांचा विषय निघालाच आहे तर मराठी नावांचं बोलतो. नत्र, स्फुरद, पालाश. हे तीन शब्द शेतकऱ्याच्या तोंडी इतके बसलेत की ते कुणीतरी घडवलेत हे जाणवत नाही. एकेकाळी मराठीत कार्बन डायऑक्साइडला 'कर्बद्विप्राणिद' म्हणत. माझ्या वडिलांच्या तोंडी हा शब्द होता. हसू नका, तो यौगिक शब्दाचा उत्तम नमुना आहे : कर्ब एक, प्राण म्हणजे ऑक्सिजन दोन, आणि 'इद' ही 'आइड'ची शेपटी. नागपुरात बसून डॉ. रघुवीर यांनी तर अख्ख्या रसायनाचं संस्कृत केलं. ऑक्सिजन 'जारक', हायड्रोजन 'उदजन', कार्बन 'प्रांगार'. व्युत्पत्ती निर्दोष, आणि शब्द बोलले गेले नाहीत. १९६१ मध्ये केंद्राचा शब्दावली आयोग आला, त्याने मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावं तशीच ठेवायचं धोरण घेतलं. मला ते पटतं. पण एक नुकसान झालं ते सांगायला हवं. 'द्विप्राणिद' म्हणणाऱ्या मुलाला नाव फोडता येत होतं. 'सोडिअम सल्फाइट' हे देवनागरीत लिहिलेलं नाव आजच्या मुलासाठी रूढ आहे, मोरचुदाइतकंच अपारदर्शक. यौगिक शब्द परभाषेतून आला की आपोआप रूढ होतो.

आणि तिथेच सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट हा घोळ होतो. पहिल्यात नुसतं गंधक, दुसऱ्यात गंधकाबरोबर तीन ऑक्सिजन, तिसऱ्यात चार. तिघांवरही प्रभार दोन ऋणच! त्यामुळे बाणांची रीत काय, माझी लसाविची रीत काय, दोन्ही इथे मुक्या. कॅल्शिअमबरोबर तिघांचंही प्रमाण एकास एक. फरक सांगतं ते फक्त नावाचं शेपूट. साखर कारखान्यात उसाच्या रसाला चुन्याची निवळी आणि गंधक जाळून केलेला वायू देतात, तेव्हा गाळ पडतो तो प्रामुख्याने कॅल्शिअम सल्फाइटचा, तो मळी घेऊन खाली बसतो. पाटसच्या रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरमागून शाळेत जाणाऱ्या मुलाला हे एकदा सांगितलं तर 'आइट' तो विसरणार नाही, असा माझा अंदाज.

शेवटचं उदाहरण मला सगळ्यात प्रिय आहे. मुठा उजव्या कालव्याचं पाणी दौंड-इंदापूरकडे आलं, ऊस आला, आणि काही ठिकाणी जमिनी चोपण झाल्या. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडिअमचे आयन चिकटलेले असतात. पाणी मुरत नाही, वर चिखल आणि वाळल्यावर दगड. उपाय म्हणून जिप्सम टाकतात, म्हणजे पाणी धरलेलं कॅल्शिअम सल्फेट. कॅल्शिअमचा आयन मातीच्या कणावर जाऊन बसतो आणि सोडिअमला हुसकतो. किती सोडिअमला? दोन. कॅल्शिअमवर दोन धन प्रभार, सोडिअमवर एक. एक आत, दोन बाहेर. बाहेर पडलेलं सोडिअम सल्फेटबरोबर पाण्यातून वाहून जातं, चर खणून निचरा केला असेल तर. नाहीतर तिथेच घुटमळतं आणि जिप्समचा खर्च वाया. तो एकास दोनचा हिशेब कुणी पुस्तकात बाण काढून ठरवलेला नाही, जमिनीत तो आपला आपण चाललेला असतो. पुस्तकात 'सोडिअम सल्फेटचे सूत्र लिहा' हा प्रश्न एक मार्काला येतो. उत्तर एनए-टू एसओ-फोर. त्यातला 'टू' म्हणजे हीच हुसकलेली दोघं.

दौंडला व्याख्यान संपल्यावर एक तरुण शिक्षक थांबले होते. म्हणाले, "सर, सगळं पटलं. पण एका वर्गात साठ मुलं, पाठाला चार तास. बाण काढले की चाळीस मुलांची उत्तरं बरोबर येतात. लसावि आणि प्रभार सांगत बसलो तर पंचवीसच पोचतील." मी त्यांना म्हटलं, बाण काढा, मी अडवत नाही. फक्त त्याला गुणाकार म्हणू नका, मिठाच्या सूत्राला रेणुसूत्र म्हणू नका, आणि एखाद्याने विचारलं की इथे का कटत नाही, तर त्याला खाली बसवू नका. ते म्हणाले, "आणि पेपरात 'रेणुसूत्र लिहा' असंच छापून आलं तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते ज्यांच्याकडे आहे, ती मंडळी पाठ्यपुस्तक मंडळात आणि परीक्षा मंडळात बसतात. या भाषणाची एक प्रत त्यांच्याकडे पाठवायचं आम्ही दोघांनी तिथेच ठरवलं.